केसभर लांबट

मित्रांनो, थोरला उडाला. ढगांपार सुखरूप गेला. आता हे ऐकलंच नाही असं समजा, कारण माझ्या गोष्टीत त्याचे भाग अजून लाकडी ठोकळ्यांवर आडवे पडलेत.

मी एक जुनी पोलादी रिंग आहे. आमच्या कारखान्यात अग्निबाणांचं कुटुंब बांधतात. नळकांडं एकाच मापाचं; एक उभं केलं की धाकटा, तीन बांधली की मधला, पाच बांधली की थोरला. कुठलंही नळकांडं कुठेही जुळावं, म्हणून प्रत्येकाचं तोंड आधी माझ्यावर बसवून बघायचे. मी सासूच म्हणा ना. माझ्या पसंतीशिवाय त्या घरात कोणी आलं नाही.

एका दुपारी मला उचलताना फिटरताईंच्या हातून क्रेन जराशी झुलली आणि मी खांबावर आपटले. ताईंनी माझ्यावरून हात फिरवला, "काही नाही झालं," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मी गोल राहिले नव्हते, केसभर लांबट झाले होते. आपल्याला बोलता येत नाही, ही अडचण तेव्हा पहिल्यांदा जाणवली.

पुढे नळकांडी अडू लागली. अडेल त्याला कानस मारून माझ्याजोगं करत. सगळी सारखीच चुकल्यामुळे पुढचं काम झकास जुळे. चार धाकटे गेलेही. मला नवा रंग मिळाला.

मग थोरल्यासाठी दुसऱ्या कारखान्यातून नकाशाबरहुकूम नळकांडी आली. एकही बसेना.

"त्यांचंच चुकलंय. मारा कानस," मोठे साहेब म्हणाले.

फिटरताईंनी कानस उचलली आणि खाली ठेवली. कड पातळ झाली तर पाच जणांच्या भाराने ती तिथेच फाटणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते सांगायचं, तर ती दुपारही सांगावी लागणार होती.

"साहेब, चूक रिंगची आहे."

"मग चार उडाले ते काय शुभेच्छांवर?"

"ते एकेकटे होते, त्यांना भार कमी. हिला मीच आपटलंय, साहेब. तीन वर्षं झाली. बोलले नाही."

साहेब माझ्याकडे वळले, जणू बोलायचं माझंच राहून गेलं होतं.

मापं घेतली. केसभर निघालं. काम वर्षभर थांबलं, नवी रिंग आली, आणि ताईंची बदली भांडारात झाली. माझीही. थोरला उडाला तेव्हा सगळे गच्चीवर होते. आमच्याकडे नुसती तावदानं थरथरली. ताई हातमोजे मोजत होत्या. मोजता मोजता चुकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

तरी मा. व्यवस्थापनास नम्र विनंती की, मला त्या दुपारपासून पूर्वलक्षी प्रभावाने गोल समजण्यात यावे, फिटरताईंना त्यांची कानस परत देण्यात यावी, आणि यापुढे कोणीही आपटल्यास त्याला त्याच दिवशी "लागलं का?" असे विचारून, उत्तर येईपर्यंत थांबण्यात यावे.