माणूस, वाहन, सामान

मेघाने माईक बंद केला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पडद्यावर मलावीतली एस्थर परीक्षेच्या शेवटच्या चित्रावर अडली होती.

कुठल्याशा थंड शहरातला रस्ता. विनाचालक गाड्यांना ओळख पटावी म्हणून प्रत्येक गोष्टीभोवती चौकट काढायची, तिचं नाव निवडायचं.

वाहन. झाड. सामान. माणूस.

चूक एकही चालत नाही.

एस्थरच्या मागे भिंतीवर निळी पाटी होती: हे केंद्र कोणत्या देशाच्या मदतीतून उभं राहिलं, ते सांगणारी. तशीच पाटी मेघाच्याही डोक्यावर होती, वर्ध्याकडच्या समुद्रपुरात. मदत आता तिकडे सरकली होती. त्याच मदतीतून मेघा एस्थरला शिकवत होती. एस्थर पास झाली की चौकटींचं कामही तिकडे जाणार. तिथे ते स्वस्त पडतं.

"अटकली का वं थे?" शेजारच्या खुर्चीतून कोकिळाताईंनी मान लांबवली.

"हो."

"अटकू दे. आपल्याच घराची चाबी दुसऱ्याले नेऊन देऊन राह्यलो आपण."

"ताई, हळू."

"माईक बंद हाय ना? अन् मराठी येते का तिले?"

मेघा हसली नाही.

एस्थरचा बाण फूटपाथवरच्या राखाडी ढिगाभोवती फिरत होता.

हाच ढीग. चार वर्षांपूर्वी. तेव्हा परीक्षा मेघाची होती आणि पडद्यावर फिलिपिन्सची ग्लोरिया, जिच्याकडून काम इकडे येणार होतं. मेघाला तो कापसाच्या जिनिंगच्या आवारात ताडपत्री टाकून ठेवतात तसला माल वाटला होता. शिकवणारीला परीक्षेत बोलायची मनाई. ग्लोरिया बोललीही नाही. नुसता गाल तळहातावर टेकवून तिने डोळे मिटले. दमली असेल बिचारी, म्हणून मेघा थोडी थांबली, आणि तेवढ्यात तिला घोंगडीबाहेर आलेलं पाऊल दिसलं.

बाण 'सामान'वर आला.

"दाबते आता," कोकिळाताई पुटपुटल्या. "दाब वं बाई, दाब."

मेघाने मांडीखालचा एक हात बाहेर काढला. गाल तळहातावर टेकवला. डोळे मिटले.

"काऊन वं? झोप आली का तुले?"

मेघा तशीच राहिली.

पलीकडून माऊसचा आवाज आला. एकदाच.

कोकिळाताईंनी मान लांबवून चौकटीवरचं नाव वाचलं, "माणूस."