बूटवाल्याची बहीण

बाजारच्या रस्त्यावर खेळाच्या बुटांचं एकच दुकान होतं, आणि त्या दुकानदाराची सख्खी थोरली बहीण रोज सकाळी त्याच रस्त्यावरून अनवाणी पळायची. याहून मोठी बदनामी वैऱ्यालाही सुचली नसती, असं दुकानदाराचं मत होतं.

ताई जन्मभर इस्पितळात नर्स होती. लग्न केलं नाही, भावाच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. निवृत्त झाली तेव्हा तिच्या टाचा इतक्या दुखत होत्या, की सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना ती दातांत पदराचं टोक धरायची. भावाने दुकानातले एकाहून एक मऊ बूट नेऊन दिले. कशात जेलची गादी, कशात हवेची. दुखणं तसूभर हललं नाही. शेवटी इस्पितळातल्याच एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं, थोडे दिवस मैदानावरच्या गवतात अनवाणी चालून बघा, पण बेताबेताने, एकदम अंगावर घेऊ नका.

ताई चालायला लागली. एक दिवस समोरून कुत्रं आलं, त्याला चुकवायला ती चार पावलं पळाली, आणि कुत्रं गेलं तरी पळतच राहिली. "कुत्रं कंटाळून बसलं, मी नाही," असं ती हसत हसत सांगायची. पोटऱ्या धरल्या, तळव्यांना फोड आले, मग तीच थांबली, बरी झाली, पुन्हा निघाली. आधी नुसतं गवत, मग फरसबंदी, मग डांबरी रस्ता. असं करत सहासष्टाव्या वर्षी बाई मैदान सोडून गावात पळायला लागली. सुती पायजमा, इस्पितळातला जुना पांढरा सदरा, पाठीवर उडणारी पांढरी वेणी. पावलं छोटी छोटी, टाच न आपटता टाकलेली. जवळून गेली तरी मांजर गेल्यासारखी, आवाज म्हणून नाही.

दुकानदाराने आधी काळजीने सांगून पाहिलं. "काच लागेल ताई."

"मी खाली बघून पळते, छोट्या. वर बघून चालणाऱ्यांना काच लागते."

छोट्या अठ्ठावन्न वर्षांचा होता. पोट सुटलेलं, जिना चढताना मध्ये थांबून फोन आल्याचं सोंग करायचा. पण दुकानात त्याचा रुबाब होता. पायाकडे नुसतं बघून माप सांगायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "पायाशी कंजुषी करू नका साहेब, सगळा देह त्याच्यावर उभा आहे." अशात काचेपलीकडून ताई अनवाणी पळत जायची. शेजारचा चष्मेवाला दारात उभा राहून ओरडायचा, "काय शेठ, बहिणीला एक जोड देववत नाही होय तुम्हाला? का उधारी बंद आहे?" आजूबाजूचे हसायचे. दुकानदारही हसायचा आणि आत जाऊन उगाच खोकी या फळीवरून त्या फळीवर ठेवायचा.

ताई दुकानापुढे आली की हात वर करायची. पहिल्यांदा तोही करायचा. मग तो नेमका त्याच वेळी फोनवर असायला लागला, मग मागच्या खोलीत. गल्ल्यावर त्याची बायको बसायची, ती मात्र हात वर करायची. नवऱ्याला काही म्हणायची नाही. तिच्या न बोलण्यालाही एक आवाज होता, पण तो ऐकायची दुकानदाराला सवय नव्हती.

एका सकाळी मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या मॅडम आल्या. सगळ्या संघासाठी बूट घ्यायचे होते, म्हणून शाळा भरायच्या आत वेळ काढून आल्या होत्या. दुकानदाराने स्वतः स्टूल पुसून दिलं. चार प्रकारचे बूट काढले, तळ वाकवून दाखवले, आणि अनुभवी आवाजात म्हणाला, "आजकाल एक खूळ निघालंय मॅडम, बुटांशिवाय पळायचं. तुमच्या मुलींना त्या नादी लागू देऊ नका."

तेवढ्यात काचेपलीकडून ताई गेली. तिने हात वर केला.

मॅडम वळून बघत राहिल्या. "अहो, या कोण? तुम्हालाच हात केला ना? ओळखीच्या आहेत?"

दुकानदाराच्या हातात बूट होता. त्याने तो खोक्यात ठेवला, वरचा पातळ कागद नीट दुमडला आणि म्हणाला, "छे हो. इथलीच कोणीतरी आहे. डोक्याने जरा... वेडी आहे बिचारी. सगळ्यांनाच हात करते."

बोलून झाल्यावर त्याचं लक्ष गल्ल्याकडे गेलं. बायकोचा वर केलेला हात तसाच राहिला होता. तिने तो खाली घेतला, पेनाचं टोपण लावलं आणि ती मागच्या खोलीत निघून गेली. मॅडमचं सगळं आटोपून त्या जाईपर्यंत बाहेर आली नाही.

दुपारी ती एवढंच म्हणाली, "माझ्याबद्दल कोणी विचारलं तर काय सांगाल, ते आत्ताच सांगून ठेवा."

"अगं, धंद्याची वेळ होती."

"हं," ती म्हणाली.

गोष्ट तिथेच जिरली असती. पण ताई ज्या मैदानावर पळायची, तिथेच मॅडम मुलींचा सराव घ्यायच्या. एकदा एका मुलीचा पाय मुरगळला, ताईने तो बघितला, बांधला, आणि ओळख झाली. मॅडमना ही बाई फार आवडली. इतकी, की काही दिवसांनी बुटांचं एक माप बदलायला आल्या, तेव्हा तिलाच बरोबर घेऊन आल्या. ताई चपला घालून, केस विंचरून आली होती, आणि दुकान कोणाचं हे तिने वाटेत सांगितलं नव्हतं.

दारातूनच ती कौतुकाने म्हणाली, "मॅडम, हा माझा धाकटा भाऊ. मी सांगत नव्हते का, पायांतलं याला सगळं कळतं म्हणून."

मॅडम एकदम म्हणून गेल्या, "पण तुम्ही तर म्हणाला होतात, ओळखीच्या नाहीत..." आणि थांबल्या. पुढचा शब्द त्यांनी गिळला, हे दुकानदाराला स्पष्ट दिसलं.

छताचा पंखा फिरत होता. ताईने भावाकडे पाहिलं. आयुष्यभर तिने पेशंटची तोंडं वाचली होती, हे तोंड वाचायला तिला वेळ लागला नाही. मग ती हसली आणि मॅडमना म्हणाली, "याचं असंच असतं. लहानपणापासून फिरक्या घेतो. तुम्ही बूट बघा."

तिने त्याला सांभाळून घेतलं. तिने शिव्या घातल्या असत्या, तर तो उलट काहीतरी बोलला असता, निदान रागावला असता. आता त्याला जमिनीकडे बघण्यापलीकडे काही उरलं नाही. आणि बुटांच्या दुकानात जमिनीलगतही आरसा असतो. त्यात त्याला त्याचेच चकचकीत बूट दिसत होते.

दुसऱ्या दिवसापासून ताई त्या रस्त्याने आली नाही. रोजच्या वेळेला दुकानदार काचेपाशी उभा राहायला लागला, पुसलेली काच परत पुसायला लागला. चष्मेवाल्याने विचारलं, "काय शेठ, बहीण दमली वाटतं?" या खेपेला त्याला हसता आलं नाही.

"वन्सं पळायच्या बंद झाल्यात," एका संध्याकाळी बायको म्हणाली. "घराबाहेरच पडत नाहीत. टाच परत धरलीय."

"मी जाऊन येतो."

"असं रोजच म्हणता."

तो जायच्या आधी ताईच आली. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ती गिऱ्हाइकासारखी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "एक जोड दाखव. पळायचे नकोत, साधे चालायचे. लोकांत बरे दिसतील असे."

तो एक खोकं उघडून समोरच्या ठेंगण्या स्टुलावर बसला आणि त्याने तिचा पाय हातात घेतला. हजारो पाय हातांत घेतले होते त्याने, पण सख्ख्या बहिणीचा कधी नीट पाहिला नव्हता. चिरलेला, राठ असेल असं तो धरून चालला होता. तळवा जाड होता, पण वापरलेल्या चामड्यासारखा गुळगुळीत. बोटं सुटी सुटी, पसरलेली. नर्सच्या अरुंद बुटांनी आत वळवलेली करंगळी थोडी सरळ झाली होती. माप पूर्वी सहा होतं, आता सात भरलं.

"ताई," तो पायाकडे बघतच म्हणाला, "त्या दिवशी मी..."

"राहू दे रे."

"नाही, ऐक. नुसतं ओळखत नाही एवढंच नाही म्हणालो मी. वेडी आहे म्हणालो."

ताईचा पाय त्याच्या हातात एकदम जड झाला. त्याने वर पाहिलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हे तिला ठाऊक नव्हतं. मॅडमनी सांगितलं नव्हतं, बायकोने सांगितलं नव्हतं. मन हलकं करायच्या नादात त्याने स्वतःच तिला सांगितलं होतं.

"वेडीसुद्धा म्हणालास?"

त्याने मान डोलावली.

"इस्पितळात लोक मला काय काय म्हणायचे, तुला सांगितलं तर कानांवर हात ठेवशील," ती सावकाश म्हणाली. "पण ते तापात असायचे, भुलीत असायचे. मनाला लावून घेतलं नाही कधी. तू शुद्धीत होतास, छोट्या."

तिने पाय काढून घेतला, चपला घातल्या आणि ती गेली. तिचा किंचित लंगडता पाय काचेतून बराच वेळ दिसत राहिला. उघडलेलं खोकं तसंच स्टुलापाशी पडलं होतं. ते मिटायला त्याचा हात उठेना.

त्या रात्री तो बायकोशी सगळं बोलला. ती म्हणाली, "इथे बसून मला सांगून काय उपयोग? आणि तिथे जाऊन रडूही नका, नाहीतर त्याच तुम्हाला पाणी देत बसतील."

सकाळी तो ताईच्या दारात उभा राहिला. "चल, मैदानावर जाऊ."

"मी नाही येत. टाच दुखतेय."

"मग मी एकटाच जातो. अनवाणी. पडलो तर?"

"पड," ती म्हणाली आणि तिने दार लोटलं.

तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला, बूट काढले, मोजे आत कोंबले आणि जोड हातात धरून रस्त्याला लागला. पहिलाच खडा असा लागला की डोळ्यांत पाणी आलं. दुधाच्या गाडीवाला गाडी हळू करून बघत गेला. शाळेला निघालेल्या दोन मुली थांबल्या, एकमेकींना कोपर मारून पुढे गेल्या. इस्त्रीच्या पँटमधला पोटवाला माणूस, हातात बूट, पाय फाकवत पळतोय. कानांच्या पाळ्या तापल्या. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून तो खाली बघायला लागला, तर खाली त्याचे पांढरेफटक पाय दिसत होते. ताई हे सगळं रोज अंगावर घेत होती आणि वर हात करून हसतही होती. वळणापर्यंतसुद्धा त्याला ते जमलं नाही.

वरची खिडकी उघडली.

"अरे, टाच आपटू नकोस अशी! गुडघे जातील!"

तो थांबला नाही. थांबला असता तर बूट घालून घरी गेला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"छोट्या! छोटी पावलं टाक! ऐकू येतंय का?"

थोड्या वेळाने मागून ती आली. चपला घालून, भरभर चालत, तोंडाचा पट्टा सुरू. खांदे सोड. दात कशाला आवळलेस, दातांनी पळतोस का? आज चालायचंच फक्त, पळायचं नाव काढू नकोस, आणि चालायचं ते गवतात, रस्त्यावर कोणी सांगितलं होतं तुला? माफीचं बोलणं ना त्याने काढलं ना तिने. मैदानाच्या कडेला तिने चपला काढल्या, दवात पाय ठेवला, आणि तिच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

पलीकडे मॅडम मुलींचा सराव घेत होत्या. दुकानदार लंगडत त्यांच्यापर्यंत गेला. मुली ऐकत होत्या, तरी बोलला. "मॅडम, ही माझी सख्खी बहीण. तेव्हा मी खोटं बोललो."

"माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पायांकडे एकदा पाहिलं आणि शिट्टी फुंकली. मुली पळायला लागल्या. एवढंच. त्याला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. पोटऱ्या तेवढ्या दुखत होत्या.

पण तो पुन्हा गेला, आणि पुन्हा. ताईची टाच सुधारली तशी ती पळायला लागली. तिच्या मागे मागे तो चालायचा, मग थोडं पळायचा, थोडं चालायचा. ती त्याच्यासाठी थांबत नसे. पुढच्या फेरीत त्याला गाठायची आणि बाजूने जाताना "हनुवटी वर" म्हणायची. जिन्यात त्याला फोन येणं कमी झालं, हे बायकोच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही, पण आता तिच्या न बोलण्याचा आवाज थोडा वेगळा होता.

उन्हाळा संपत आला होता. एका सकाळी मैदानातून निघताना त्याने बरेच दिवस मनात घोळवलेलं विचारलं. "ताई, आज घरी बाजाराच्या रस्त्याने जाऊ या? दुकानावरून? दोघं मिळून?"

ती वेणी नीट करत होती. "नको रे," ती म्हणाली. "तिकडचं डांबर तापतं."

आभाळ भरून आलेलं होतं. रस्ता गार होता, ते दोघांच्याही पायांना कळत होतं. ती मागच्या गल्लीकडे वळली आणि तो तिच्या मागून निघाला.