स्टुलाखालची लाल ओळ

"हे स्टूल डुगडुगतंय. फेकून दे बरं एकदाचं!" रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना साहेब कुरकुरतात. तेही माझ्यावरच बसून.

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे, आणि माझा एकही पाय आखूड नाही. मी मुद्दाम डुगडुगतो. तेवढाच सूड माझ्या हातात, नव्हे, पायात आहे.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या कारखान्यात झाला. तिथे माणसं दहा-दहा तास उभ्याने पानं दुमडत, पुस्तकं शिवत. संध्याकाळी पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या टरारून येत. एका तेविशीतल्या कामगाराने खोक्यांच्या फळ्या ठोकून मला बनवलं, फाटकापाशी ठेवलं आणि माझ्यावर चढून तो ओरडला, "आम्ही माणसं आहोत, खांब नाही! बसायला द्या!" दोन दिवस काम बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी टेम्पो भरून स्टुलं आली. त्याने मला उलटं केलं आणि माझ्या बुडाशी लाल रंगाने एक ओळ लिहिली. रंगाचा डबा धरून एक शिवणारी मुलगी हसत उभी होती. तीच पुढे त्याची बायको झाली, आणि तिच्या मागोमाग मीही त्याच्या घरी आलो.

काय थाट होता तेव्हा माझा! आल्यागेल्याला तो मला उलटं करून दाखवायचा. मग तिशीत तो म्हणू लागला, "मालकाचंही ऐकायला हवं." चाळिशीत, "शिस्त नको का?" पन्नाशीत तो त्याच कारखान्याचा साहेब झाला, आणि मला उलटं करणं बंद झालं. गेल्या महिन्यात साहेबांनी तिथली सगळी स्टुलं गोदामात टाकली. म्हणे, बसलं की हात मंदावतात. माझी भावंडं तिथे अंधारात एकमेकांच्या डोक्यावर बसून आहेत.

मित्रांनो, ज्याच्यावर उभे राहून मोठे झालात, त्याला जपा. नाहीतर ते वाट पाहत बसतं. मी बसलो.

साहेबांची मुलगी त्याच कारखान्यात पुस्तकं शिवते. आज दुपारच्या सुट्टीत मुली स्टुलं मागायला फाटकाशी जमणार होत्या. जी जमेल तिला कामावरून काढायचं, अशी यादी साहेबांच्या खिशात होती. पहिलं नाव लेकीचं.

सकाळी ते नाडी बांधायला वाकले, आणि मी सगळं अंग एका पायावर टाकलं. धपकन! साहेब फरशीवर, मी उताणा.

मुलीने आधी बापाला उठवलं. मग खाली बघितलं आणि मोठ्याने वाचलं, "बसून काम करायचा हक्क कुणाच्या बापालाही काढून घेऊ देणार नाही."



"बाबा, अक्षर तुमचंच ना?"

"त्या वयात रक्त गरम असतं," साहेब कंबर चोळत म्हणाले. "माझ्या वयाची झालीस की कळेल तुला. वयाबरोबर माणसाचे विचार बदलतात."

आई ओट्याशी भाजी चिरत होती. हा विषय निघाला की आजवर तिला नेमकं काहीतरी आठवायचं. दूध, कुकर, वाळत घातलेले कपडे. आज तिने सुरी खाली ठेवली.

"वयाला कशाला मध्ये आणता? अहो, तेव्हा तुमचे पाय दुखत होते. आता हिचे दुखतात. एवढंच बदललंय."