फ्रिजएवढी लेन्स

"काका, ही एवढी मोठी लेन्स गळ्यात अडकवून तुम्ही स्वतः कधी फिरलायत का?"

हा प्रश्न कॅमेऱ्याच्या दुकानात विचारून दाखवायचा, अशी मैत्रिणींनी चिंगीशी पैज लावली होती. पैज लावून दोघी दाराशीच एक जुनं पोस्टर मन लावून वाचत उभ्या होत्या. मैत्रिणी शूर असाव्यात तर अशा.

चिंगीवर ही वेळ आली मावशीमुळे. मावशीने नवा कॅमेरा घेतला आणि जुना, तळहातावर मावेल एवढा, भाचीला देऊन टाकला. मन इतकं मोठं, की लेन्स तेवढी काढून स्वतःकडे ठेवली. गेले तीन महिने चिंगीकडे एक सुंदर कॅमेरा होता आणि त्याच्या तोंडावर एक सुंदर झाकण.

तिला हवी होती एक साधी झूम लेन्स. अख्खं मैदानही मावेल आणि समोरचा चेहराही जवळ येईल, बस्स. पण बाबांनी 'अभ्यास' हाती घेतला. तक्ता झाला, तक्त्याचे चार तक्ते झाले. इकडे सोमवारी शाळेत 'शाळा सुटल्यावर' या विषयावर वीस फोटो द्यायचे होते. त्यावरून वार्षिक अंकाची फोटोग्राफर ठरणार होती. चिंगीचे काढून झालेले फोटो: शून्य.

"घाई कशाला?" बाबा म्हणायचे. "घ्यायची तर दणदणीत घेऊ. पुढे उपयोगी पडेल."

'पुढे उपयोगी पडेल' म्हणूनच त्यांनी मागे फ्रिज घेतला होता. त्याचे लिटर बघितले, वीज बघितली, आवाजसुद्धा कान लावून ऐकला. स्वयंपाकघराचं दार तेवढं मोजायचं राहिलं. तेव्हापासून फ्रिज हॉलमध्ये सोफ्याशेजारी पाहुण्यासारखा बसलाय आणि आई दुधासाठी हॉलच्या चकरा मारतेय.

तर बाबांनी फोन करून दुकानात बाजूला ठेवायला सांगितलेली ती दणदणीत लेन्स काकांनी आत्ताच चिंगीच्या कॅमेऱ्याला लावून दिली होती. तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला, तर तो नाकावर पडला. लेन्सला कॅमेरा लावलाय की कॅमेऱ्याला लेन्स, तेच कळेना. ते दारातून बघूनच मैत्रिणींनी पैज लावली होती आणि तिने तो प्रश्न विचारून टाकला होता.

दारातल्या पोस्टरवाल्यांनी श्वास रोखला. काका मात्र हसले.

"मी? माझी मान आहे का क्रेन?" त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःचा कॅमेरा काढला. त्यावर बिस्किटाएवढी चपटी झूम लेन्स होती, वापरून वापरून आकडे पुसलेली. "मी हिच्यावर खूश आहे."

"मग बाबांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं कुठे? फोनवर पाऊण तास तेच मला शिकवत होते."

"बरं, खोट काय हिच्यात?"

"कमी उजेडात धापा टाकते. रात्रीच्या समारंभात रडवेल तुला."

"शाळा सुटते तेव्हा चांगलं ऊन असतं, काका."

"मग घाल खिशात."

काकांकडे तसलीच एक नवी होती. चिंगीने ती कॅमेऱ्याला लावून खरंच खिशात घातली. मावली. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात घातली. मावली. मग मोठी लावून दप्तरात कोंबली, तर भूगोलाला बाहेर यावं लागलं. भूगोलाशिवाय जगायची तिची तयारी होती, पण डबाही बाहेर आला, तेव्हा विषय संपला.

घरी बाबा पाचवा तक्ता आखत होते. आई फ्रिजमधून दूध काढत होती, म्हणजे सोफ्यावरून वाकून.

"आई, बाबा, ऐका. मी छोटी लेन्स घेणार आहे. मोठी परत कपाटात ठेवा, असं काकांना सांगून आलेय. छोटी उद्या शाळेआधी आणायची, कारण उद्या शाळा सुटल्यावर मी फोटो काढणार आहे." तिने दप्तर सोफ्यावर, फ्रिजच्या शेजारी टाकलं. "आणि बाबा, तक्ता राहू दे. या वेळी दार मी मोजून आलेय."