धाकटी पुढे का नाही?

मी कपड्यांच्या मोठ्या दुकानातली वाफेची इस्त्री बोलतेय. दुकानातली मंडळी मला स्टीमर म्हणतात, जणू मी कुणी साहेबच. म्हणू देत बापडी. खाली पाण्याची टाकी, वर लांब नळी आणि नळीच्या टोकाला तोंड. म्हणजे नुसतं पोट आणि तोंड! अशी एखादी आत्याबाई तुमच्याही नात्यात असेलच. स्वभावानेही मी तशीच आहे. पटकन तापते, फुसफुसते आणि मनातलं बाहेर टाकल्याशिवाय गार होत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तपासणाऱ्या बाईने मला पहिल्यांदा तापवलं, तेव्हा मी असा काही फुत्कार टाकला की ती दचकून म्हणाली, "बाई गं, ही कजाग निघणार!" तिचं भाकीत खरं ठरलं.

खोक्यात बसून मी या दुकानाच्या मागच्या खोलीत आले. पुढे सगळा थाट. पांढरे दिवे, मंद गाणी, चकचकीत फरशी. मागे आमच्या खोलीत खोक्यांच्या थप्प्या, हँगरचे ढीग, एक डगमगतं टेबल आणि कोपऱ्यात मी. चोळामोळा होऊन आलेला शर्ट माझ्या तोंडाखालून जातो, तेव्हा कुठे तो पुढे ऐटीत लटकतो. गिऱ्हाईक म्हणतं, "वा, काय कापड आहे!" कापड कसलं डोंबलाचं, ती माझी वाफ असते.

नोकरीच्या मुलाखतीही याच खोलीत होतात, खोक्यांवर बसून. एकदा एक मुलगी आली. तिच्या धर्माप्रमाणे तिने डोक्याला रुमाल बांधला होता, साधा, निळा, केस पूर्ण झाकणारा. मॅनेजरबाईंनी विचारलं, "गिऱ्हाईक सगळे कपडे विस्कटून, काही न घेता निघून गेलं तर काय करशील?"

"घड्या घालीन," मुलगी म्हणाली. "आणि ते दाराबाहेर गेलं की तोंड वाकडं करीन."

बाई खळखळून हसल्या. "सोमवारपासून ये," म्हणाल्या. "पुढे, शर्टांच्या विभागात." दुकानात सगळ्यांत लहान म्हणून तिचं नाव धाकटीच पडलं.

पण बाईंनी नव्या मुलीचा फोटो वरच्या कचेरीत पाठवला आणि सोमवार उजाडायच्या आधीच वरच्या साहेबांचा फोन आला. हे साहेब म्हणजे कंपनीचा 'लूक' सांभाळणारे. पुढे उभं राहणारं माणूस कसं दिसावं, केस कसे असावेत, हसू किती असावं, सगळं तेच ठरवतात. बाईंचे हात हँगरमध्ये गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. साहेब म्हणाले, "डोकं झाकलेली पुढे नको. आपल्या ब्रँडमध्ये बसत नाही. मागे ठेवा, घड्या घालू दे."

आता गंमत ऐका. यांच्या काचेतल्या पुतळ्यांना डोकीच नाहीत! मानेपाशी सपाट, नुसती धडं. फॅशन आहे म्हणे. बिनडोक पुतळे ब्रँडमध्ये बसतात आणि चांगलं डोकं असलेली मुलगी बसत नाही! मी तापले, फुसफुसले, पण माझं ऐकतंय कोण? बाई "बरं साहेब" म्हणाल्या आणि मान खाली घालून हँगर मोजत बसल्या.

धाकटीला सांगितलं गेलं, सध्या मागेच काम आहे, पुढचं नंतर बघू. ती काय ते समजली. पण घरी तिच्या नोकरीची गरज होती, म्हणून राहिली. मला मात्र लॉटरीच लागली! तिच्याआधीचे लोक मला पायाने ढकलायचे, टाकीत पाणी नसताना चालू करायचे. धाकटी मला आजी म्हणायची. "आजी, तापलीस का गं?" असं विचारूनच हात लावायची. आणि मॅनेजरबाईंच्या चालण्याची अशी नक्कल करायची की हसून हसून माझी नळी लटलटायची.

एक दिवस तिची आई आणि मावशी दुकानात आल्या. लेक मोठ्या दुकानात लागली म्हणून आईने गल्लीभर सांगितलं होतं. मधलं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. आई पुढच्या प्रत्येक मुलीचा चेहरा निरखत चालली होती. शेवटी तिने एकीला विचारलं, "आमची लेक कुठे उभी असते हो?"

धाकटी धावतच बाहेर गेली. "अगं, आजच मागे आहे. नवा माल आलाय ना."

"मग उद्या येतो," मावशी म्हणाली. "तू पुढे असशील तेव्हा."

"उद्या नको. उद्या... उद्या सुट्टी आहे मला."

त्यांना दारापर्यंत सोडून ती परत आली आणि माझ्याजवळ खाली बसली. "आजी, मी आईशी खोटं बोलले," एवढंच म्हणाली. मला रडू आवरेना. माझं रडणं म्हणजे तोंडातून थेंब गळणं. एका महागड्या झग्यावर हा मोठा डाग पडला. पडू दे मेला!

काही महिन्यांनी डोक्याला बांधायच्या रुमालांची फॅशन आली आणि खोकीच्या खोकी रुमाल येऊन पडले. पण पुतळ्यांना डोकी कुठायत? पाहणीला आलेले साहेब चिंतेत पडून मागच्या खोलीत शिरले. धाकटीला पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! हाच तर लूक! आपला एक रुमाल बांध आणि सीझनभर पुढे उभी राहा."

"आणि सीझन संपल्यावर?" धाकटीने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"साहेब, मी हा सीझनपुरता बांधत नाही. हा माझ्या धर्माचा आहे. पुढे उभी राहायला मी पहिल्या दिवसापासून तयार आहे. आतापर्यंत का नाही उभं केलं, ते सांगा."

साहेब चपापले. "छे छे, तुला कुणी अडवलं? मला वाटलं, तुलाच मागचं काम आवडतं. काय हो मॅनेजरबाई?"

बाईंची बढती याच साहेबांच्या हातात होती. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मला वाटलं, झालं, या आता पुन्हा 'बरं साहेब' म्हणणार.

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "डोकं झाकलेली पुढे नको, असं तुम्ही मला फोनवर सांगितलंत. आणि मी ते मुकाट ऐकलं, याची मला लाज वाटते."

शाब्बास! आनंदाने मी अशी वाफ सोडली की साहेबांचा चष्मा पार धुरकटला. तो पुसत पुसत त्यांनी काढता पाय घेतला.

धाकटीने कामगार कचेरीत तक्रार केली. बाई साक्षीला उभ्या राहिल्या. कंपनीने आधी कानांवर हात ठेवले, मग वकील पाठवला आणि शेवटी नमतं घेतलं. बाईंची बढती हुकली ती हुकलीच. "हुकू दे," त्या म्हणतात, "झोप तरी शांत लागते."

धाकटी पुढे गेली त्या सकाळी माझं सगळं लक्ष तिच्याकडे. गिऱ्हाईक काय म्हणेल? तोंड फिरवून गेलं तर? मॅनेजरबाई मधल्या दाराआडून बघत होत्या, त्यांच्या मागे मी. एक भारदस्त गृहस्थ आत आले. शर्ट उचलून थेट धाकटीसमोर उभे राहिले. तिच्याकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, माझं पोट मावेल असा आहे का गं यात?"

बस्स, एवढंच! एवढ्यासाठी केवढा तो लूक आणि केवढे ते फोन!

माझं म्हणाल तर आता नळीला चीर गेलीय आणि टाकीत क्षार साठलाय. लवकरच मला मोडीत काढतील. धाकटी पुढे गेल्यापासून इथे करमतही नाही, खोटं कशाला बोलू? तर मंडळी, निघते मी. तुम्ही दुकानात गेलात की हवं ते विचारा. मोठी साइझ मागा, रंग बदलून मागा, भाव पाडून मागा. समोरच्या मुलीने डोक्याला काय बांधावं, ते मात्र तिचं तिला बघू द्या.