मोठ्या बाईंचा रंग

चित्रकाराचं नाव झालं ते हमालाच्या चित्रानं. लाल मखमलीच्या, उंच पाठीच्या खुर्चीत बसलेला काळाकभिन्न हमाल; एक हात खुर्चीच्या हातावर, दुसरा गुडघ्यावर, आणि नजर अशी की पाहणारा दारातच थबकावा. तसल्या खुर्च्यांत पिढ्यान्‌पिढ्या गोरे साहेब बसत आले होते आणि त्यांची चित्रं मोठमोठ्या दालनांत लागत आली होती. चित्रकारानं खुर्ची तीच ठेवली, माणूस बदलला. हमालामागून धोबीण आली, पहारेकरी आला, खानावळीत भांडी घासणारी बाई आली. सगळी त्याच्याच रंगाची, त्याच्याच वस्तीतून वर आलेली किंवा वर न आलेली माणसं. काळ्या कातडीला यानं सिंहासन दिलं, असं एका वर्तमानपत्रानं लिहिलं. त्यानं ते चारचौघांत नम्रपणे नाकारलं आणि कात्रण जपून ठेवलं.

त्याच्या कामाची एक रीत होती. कातडीचा रंग तो नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर कधी कालवत नसे. सुरीच्या बोथट पात्यावर रंगाचा ठिपका घ्यायचा, उठायचं आणि पातं थेट समोरच्याच्या गालाला भिडवायचं. रंग जुळला की तो ठिपका गालात विरघळल्यासारखा दिसेनासा होई. नाही जुळला, तर पुन्हा कालवायचं. "डोळा लबाड असतो," तो विद्यार्थ्यांना सांगे. "त्याला जे बघायचंय तेच तो बघतो." आणि दुसरं सांगे, "काळ्या कातडीत पांढरा घालायचा नाही. तिच्यावर चमकतो तो उजेड. तो कधी निळा असतो, कधी पिवळा. पांढरा घातलात की माणूस राखेत लोळून आल्यासारखा दिसतो." विद्यार्थी ही वाक्यं पाठ म्हणून दाखवत आणि हसत.

म्हणूनच इस्पितळाचं काम आलं तेव्हा त्याला वाटलं, हे आपल्यासाठीच राखून ठेवलेलं होतं. शहरातल्या त्या जुन्या इस्पितळाच्या लांब ओवरीत आजवरच्या प्रमुखांची चित्रं ओळीनं लागलेली होती. सगळे गोरे, गुलाबी गालांचे. आताच्या प्रमुख मात्र शस्त्रक्रियेत हातखंडा असलेल्या एक बाई होत्या, आणि त्या ओळीत बसणाऱ्या त्याच्या रंगाच्या पहिल्याच. सारं इस्पितळ त्यांना मोठ्या बाई म्हणे.

"या वेळी खुर्ची मी द्यायची नाही," तो बायकोला म्हणाला. "ती त्यांची स्वतःचीच आहे."

त्याची बायको चौकटी बनवी. लाकडाचा भुसा तिच्या केसांत कायम असे. "मग तुमचं काम काय उरलं? नुसतं रंगवायचं?"

"नुसतं रंगवायचं."

"तेवढं तरी धड करा म्हणजे झालं."

मोठ्या बाई ठरल्या वेळेला चित्रशाळेचा जिना चढून आल्या, पर्स खिडकीत ठेवली आणि ताठ बसल्या. त्यानं रंग कालवला, पात्यावर घेतला आणि सवयीनं उठून त्यांच्यापर्यंत गेला. बाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं.

"काय हवंय?"

स्वरात राग नव्हता. हाताखालचा डॉक्टर कागद घेऊन आला तर त्यालाही त्या असंच विचारत असतील. पण चित्रकाराचा हात खाली आला.

"काही नाही, बाई. उजेड बघत होतो." आणि उगाच जाऊन त्यानं पडदा थोडा सरकवला.

परत येताना त्यानं स्वतःची समजूत घातली. वयानं वडील, मानानं मोठ्या. अशा बाईंच्या तोंडाजवळ पातं न्यायचं म्हणजे काय? डोळ्यांचा इतका सराव कशासाठी केला मग? पुढच्या साऱ्या बैठकांत त्यानं रंग अंदाजानंच कालवला. चित्र मात्र हुबेहूब उतरत गेलं. खालचा ओठ किंचित दाबून धरण्याची बाईंची सवय, डोळ्यांतला जागेपणा, सगळं आलं. इस्पितळाच्या समितीचे सेक्रेटरी पाहायला आले आणि खूश झाले. "वा! बाईंना न्याय दिलात हो. काय तेज आलंय चेहऱ्यावर!"

चित्रकार त्या दिवशी शीळ घालत जिना उतरला.

दुसऱ्या सकाळी बायको चौकटीचं माप घ्यायला वर आली. हमालाचं चित्रही तेव्हा तिथंच होतं. प्रवासात त्याच्या चौकटीचा कोपरा उडाला होता आणि ते दुरुस्तीला भिंतीशी टेकवून ठेवलं होतं. तिनं रंगांचं टेबल आवरायला घेतलं.

"अहो, ही पांढऱ्याची नळी पार चपटी झालीय. मागच्याच खेपेला आणली होती ना? कुठला ढग रंगवलात?"

"मागच्या भिंतीला लागला असेल."

"भिंत तर हिरवी काढलीय."

नळी हातात घेऊन त्यानं पाहिली. टूथपेस्ट संपवावी तशी ती तळापासून गुंडाळलेली होती. मग त्यानं बाईंच्या चित्राकडे पाहिलं आणि प्रथमच त्याला वाटलं, की आपण हे आजवर पाहतच नव्हतो, केलेल्या कामाची नुसती राखण करत होतो. त्यानं बाही कोपरापर्यंत सारली. हमालाचा रंग कालवताना तो आपल्याच मनगटाशी मिळताजुळता निघाल्याचं त्याला आठवत होतं. पहिल्या बैठकीत पाण्याचा पेला परत देताना बाईंचा हात त्याच्या हाताशेजारी आला होता, तेव्हाही दोन्ही हात एकाच मातीचे दिसले होते; ते त्यानं पाहिलं होतं आणि मागे टाकलं होतं. त्यानं मनगट हमालाच्या रंगवलेल्या गालाशी नेलं. मनगट आणि गाल यांच्यातली रेघ पुसली गेली. मग ते बाईंच्या गालाशी नेलं. तिथं ते डागासारखं दिसलं.

बायको हातातली मापाची पट्टी तशीच धरून बघत होती. ती स्वतः त्याच रंगाची. तिच्या जिभेवर आलं ते तिनं आवरलं नाही.

"तुमच्या ब्रशाला पगार कळतो हो."

बोलून झाल्यावर तिलाच ते लागलं असावं. ती खाली मान घालून पट्टी गुंडाळू लागली. तो बाही खाली करून बसला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलं नव्हतं. हमालाला त्यानं सिंहासनावर बसवलं होतं, पण खरोखरची सिंहासनावरची बाई समोर येऊन बसली तेव्हा तिला तिथं शोभेल असा रंग त्याच्या हातानं आपण होऊन शोधला होता.

पहिला विचार आला तो सोपा. तपकिरी रंगाचा पातळ हात वरून फिरवायचा, कुणाला कळतंय? त्यानं ब्रश उचललाही. पण किती तपकिरी? माप कुठं होतं? पुन्हा अंदाजानंच करायचं, तर ज्या डोळ्यानं एकदा दगा दिला त्याच्यावर दुसऱ्यांदा भिस्त ठेवायची. खरा रंग हवा तर बाईंना समोर बसवायला हवं होतं, आणि का बसवायचं ते सांगायला हवं होतं. त्यानं ब्रश ठेवला आणि इस्पितळाला फोन केला.

मोठ्या बाई दुपारी आल्या. चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आई असती तर तिला फार आवडलं असतं," त्या म्हणाल्या. "दुपारची मला उन्हात सोडायची नाही ती. सगळी पोरं बाहेर हुंदडताहेत, आणि मी खिडकीत. आणखी काळी झालीस तर तुला पदरात कोण घेणार, म्हणायची." त्या हसल्या. "ही घ्या, खिडकीत वाढलेली मुलगी."

"बाई, हे चुकलंय," चित्रकार म्हणाला. सकाळपासून घोकून ठेवलेली वाक्यं त्याला एकही आठवेना. "तुमचा रंग हा नाही. मी तो... उजळवून दिलाय. पांढरा घातलाय त्यात."

"माहितीय मला."

त्यानं मान वर केली.

"मागे एकदा पर्स घ्यायला उठले होते ना, तेव्हाच बघितलं. अंगात रक्त किती उरलंय ते मी तोंडाच्या रंगावरून सांगते. स्वतःचं तोंड ओळखणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला नाही. "आवडलं म्हणून," त्या म्हणाल्या. "वॉर्डातल्या नर्स पोरींच्या हातातून गोरेपणाच्या क्रीमच्या नळ्या हिसकावून मी कचऱ्यात टाकते. सगळ्यांसमोर झाडते त्यांना. आणि इथं येऊन रोज गप्प बसले. म्हटलं, एवढे मोठे चित्रकार, ते आपण होऊन करताहेत. आपल्या माथी काही नाही." त्यांनी चष्मा चढवला. "तुमचं कसं झालं?"

मग त्यानं पात्याची रीत सांगितली. सगळ्यांच्या गालाला लावतो, तुमच्या लावलं नाही, एवढंच सांगायचं होतं. पण बाई ऐकताऐकता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थांबल्या.

"सगळ्यांच्या गालाला? विचारून?"

त्याची नजर टेबलावरच्या पात्याकडे गेली.

"यांना विचारलं होतं?" त्यांनी हमालाच्या चित्राकडे बोट केलं.

पातं गालाशी नेलं तेव्हा हमालानं डोळे मिटले होते. न्हाव्याच्या वस्तऱ्यापुढे मिटावेत तसे. चित्रकाराला ते आत्ता आठवलं. "नाही," तो म्हणाला. "हलू नका, एवढं म्हणालो होतो."

"आणि मला का नाही?"

"तुमच्या तोंडाला पातं लावणं बरं दिसलं नसतं."

"म्हणजे मान माझा राखलात आणि तोंड दुसरीचं दिलंत." बाई खुर्चीत बसल्या. "लावा आता. आणि मला विचारू नका. त्यांना नव्हतं विचारलं."

विचारू नका म्हटल्यावर ते न विचारणं किती जड असतं हे त्याला त्या दुपारी कळलं. पातं गालाला टेकलं आणि रंगाची एक फिकी रेघ बाईंच्या गालावर उमटली. बाईंनी डोळे मिटले नाहीत. तो टेबलाशी परत गेला, कालवला, पुन्हा आला. प्रत्येक खेपेला पांढरा कमी होत गेला, आणि अखेरीस त्यात पांढरा उरलाच नाही. संध्याकाळपर्यंत चित्रातला चेहरा त्या रंगात पुन्हा रंगवून झाला.

चित्राचं अनावरण ओवरीतच झालं. डॉक्टर, नर्सेस, समितीची मंडळी, मागच्या बाजूला चहाची भांडी मांडलेली. चित्रकाराची बायकोही अगदी मागे उभी होती. सेक्रेटरींनी कापड ओढलं. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरळ झाल्या, कारण पुढच्या रांगेतल्यांनी आधी सेक्रेटरींच्या तोंडाकडे पाहिलं.

"हे... मी पाहिलं तेव्हा बाई जरा उजळ होत्या," सेक्रेटरी म्हणाले. "इथला उजेड कमी पडतोय का हो? वर एक दिवा लावून घेऊ या."

सगळे चित्रकाराकडे वळले.

"वार्निश," तो म्हणाला. "वार्निश अजून ओलं आहे. सुकलं की..."

शब्द तोंडून गेल्यावर त्याला ते ऐकू आले. वार्निश खरंच ओलं होतं. त्यामुळेच ते इतक्या सहज जिभेवर आलं असावं.

"तरीच!" सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला. "सुकल्यावर उजळेल म्हणजे."

"बाई, आठवडाभर दम धरा," गर्दीतून एक डॉक्टर म्हणाला, "सुकलात की गोऱ्या व्हाल!"

हशा पिकला. बाईही हसल्या. चारचौघांत हसायला लागतं तसं हसल्या, आणि त्यांचा हात नकळत गालाकडे गेला. चित्रकारानं तो हात पाहिला.

"नाही उजळणार," तो म्हणाला.

कुणी फारसं ऐकलं नाही. चहाकडे हालचाल सुरू झाली होती.

"नाही उजळणार. वार्निशचं काही नाही त्यात. बाईंचा रंग हाच आहे. आधी तुम्ही पाहिलंत ते मी चुकीचं रंगवलं होतं."

"काय म्हणताहेत?" कुणीतरी शेजाऱ्याला विचारलं.

"अहो," मागून बायकोचा आवाज आला, "इकडं काही ऐकू येत नाहीये."

तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती थांबून राहिली. एकदा बोललेलं त्याला आता पुन्हा, आणि मोठ्यानं, बोलायचं होतं. पहिल्या वेळी ते तोंडून निसटलं होतं, आता ते समजूनउमजून सांगायचं होतं.

"मी बाईंना गोरं केलं होतं," चित्रकार म्हणाला. आवाज ओवरीत नको तितका घुमला. "मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच मनानं केलं. आता आहे तो त्यांचा रंग आहे."

कपबशीचा एक बारीक आवाज झाला. मघाचा डॉक्टर बुटांकडे बघू लागला. क्षणभर चित्रकाराला वाटलं, बाई आता काही बोलतील. आपला वाटा आपण उचलतील आणि हे ओझं थोडं हलकं होईल. बाई बोलल्या नाहीत. आपण त्याची वाट पाहिली, याची त्याला आणखीच शरम वाटली.

"असं, असं," सेक्रेटरी म्हणाले. "बरं, चहा घेऊ या."

गुलाबी गालांच्या त्या साऱ्या साहेबांखालून मंडळी चहाकडे सरकली. चित्रापाशी दोघंच उरली. बाई चित्राकडे बघत होत्या आणि तो त्यांच्या पावलांकडे.

"मागून ओरडल्या त्या तुमच्या मिसेस का?"

"हो."

"बरं झालं ओरडल्या." बाई थांबल्या. खालचा ओठ दाबून धरलेला होता. "माझ्या तोंडून मात्र एक शब्द निघाला नाही हो. निघायला हवा होता."

नाही हो, असं कसं, असं त्याला म्हणावंसं वाटलं. पण तेही त्यांना उजळ करणंच झालं असतं. वॉर्डाकडून एक नर्स बाईंना बोलवायला आली. ती चित्राशी क्षणभर थबकली, एकदा त्यातल्या बाईंकडे आणि एकदा समोरच्या बाईंकडे तिनं बघितलं, आणि दार धरून उभी राहिली. बाई मान खाली घालून तिच्या पुढून आत गेल्या.