यंत्राचं पाप

"झडलं! यंत्राचं पाप झडलं!"

यंत्रबाबा पडद्याआडून बाहेर आले आणि वाचनालयात एकच गलका झाला. वीस वर्षांचा म्हातारा कॉम्प्युटर खरोखरच चालू होता. त्यातून झडलेलं पाप, म्हणजे करड्या चुऱ्याच्या पुड्या, बाबा वाटू लागले. पुडीसाठी लोक एकमेकांच्या पायावर पाय देत होते. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

याच डब्यांपुढे ताईने आणि मी नऊ दिवस डोकं फोडलं होतं. एका कचेरीने ओलसर गोदामातून काढून दिलेले सात कॉम्प्युटर. त्यांत सर्वांसाठी खुली, फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम घालायची आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांचा वर्ग काढायचा, हा ताईचा ध्यास. पण सिस्टिम कधी चाळीस टक्क्यांवर अडायची, कधी त्रेसष्टवर. सीडी बदला, पुन्हा पहिल्यापासून! शेवटी वाचनालयाच्या अध्यक्षांनी या बाबांना बोलावलं.

"सगळे कॉम्प्युटर आता बाबांच्या मठात जातील," अध्यक्षांनी जाहीर केलं. "वर्ग रद्द."

ताई चित्रकलेची निवृत्त शिक्षिका. तिने पुडी उघडली, चुरा बोटांत चोळला आणि चक्क हसली.

"अहो बाबा, हे पाप मी तीस वर्षं बाकांवरून झाडलंय. खोडरबराचा चुरा आहे हा!"

"बाई, शाप लागेल!"

"लागू दे. तू पडदा काढ रे," ती मला म्हणाली.

बाबांनी चालू केलेला कॉम्प्युटर बंद करून तिने उघडला. आतल्या मेमरीच्या पट्टीची सोनेरी कड लखलखत होती. दुसरा उघडला. तीच पट्टी, पण कड ओलीने काळवंडलेली; म्हणूनच सिस्टिम अडत होती. ताईने पर्समधलं खोडरबर काढलं, सर्वांदेखत कड घासली, पट्टी परत बसवली आणि सीडी घातली.

चाळीस टक्के. त्रेसष्ट. कुणी जागचं हललं नाही. अर्ध्या तासाने शंभर!

"ही माझीच कृपा!" बाबा ओरडले.

ताईने खोडरबर त्यांच्यापुढे धरलं. "मग उरलेले पाच घासा. इथे, उजेडात."

बाबांचा हात काही पुढे आला नाही. हात पुढे आला तो एका शिवणकामवालीचा. "द्या ताई, मी घासते. आणि अध्यक्षसाहेब, वर्ग उद्यापासूनच हं!"

मंडळी, चमत्काराला पडदा लागत असेल, तर हात जोडण्याआधी तो पडदा ओढा. आत काय चाललंय ते विचारायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.